नाशिकच्या डोंगरांत वणव्याचा अंदाज कसा बांधावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी सरत आला की नाशिकच्या पश्चिमेकडचे डोंगर पिवळे पडतात. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरच्या सोंडा, दिंडोरीच्या वाटेवरचे रामशेज आणि बोरगड, अगदी शहराला खेटून असलेली पांडवलेण्यांची टेकडी, सगळीकडे वाळलेलं कुसळीचं गवत उभं असतं. तेव्हापासून मृगाच्या पावसापर्यंत कुठल्या ना कुठल्या धारेवर धूर दिसत राहतो. वणवा लागल्यावर हिरव्या फांद्या घेऊन धावणारी माणसं आपल्याकडे आहेत. कमी आहेत ती आदल्या संध्याकाळी 'उद्या दुपारी दोन ते सहा, या उतारावर लक्ष ठेवा' असं सांगू शकणारी. हे काम शिकता येतं. त्यासाठी हवामानशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, मोबाइल, दोनचारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणि एका डोंगराशी नेहमीची ओळख एवढं पुरतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. 'ऊन फार आहे, धोका आहे' हा अंदाज नव्हे. मार्च ते मे नाशिकची जवळजवळ प्रत्येक दुपार तापलेली आणि कोरडी असते. रोज धोका म्हणणाऱ्याचं आठवडाभरात कुणी ऐकत नाही. आपल्याला शोधायचा आहे तो या सारख्याच दिसणाऱ्या दिवसांतला वेगळा दिवस, आणि त्या दिवसातले वेगळे तास. आपल्याकडे हा फरक बहुतेक वेळा वारा करतो.

आधी एकच डोंगर निवडा

जिल्ह्याचा अंदाज बांधायला जाऊ नका. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि अंजनेरीचा माथा त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. दुपारच्या कोरड्या, ढवळलेल्या हवेत दर १०० मीटर चढाला तापमान साधारण १ अंशाने उतरतं. म्हणजे शहरात ३८ अंश असताना माथ्यावर ३२ असू शकतं, तिथली आर्द्रता वेगळी आणि वाराही वेगळा. मोबाइलवर 'नाशिक' टाकून जो आकडा येतो तो तुमच्या डोंगराचा नाही, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

निवडलेल्या डोंगराचा हाताने नकाशा काढा. कुठल्या बाजूला गवत, कुठे सागाचा पाचोळा, कुठे करवंदीची जाळी, पायवाटा कुठून चढतात, पाणी कुठे, पायथ्याची वस्ती कुठल्या अंगाला, वनविभागाच्या जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, कुठून गेल्या आहेत, विजेच्या तारा कुठून जातात. दक्षिण आणि पश्चिम उतारांवर वेगळी खूण करा. तिथे दुपारचं ऊन थेट पडतं, म्हणून ते आधी वाळतात. वनरक्षकांना भेटून बीटचं (एका वनरक्षकाच्या ताब्यातल्या जंगलाच्या भागाचं) नाव आणि त्यातल्या तुकड्याचा कक्ष क्रमांक लिहून घ्या. फोनवर 'अंजनेरीला आग' म्हणण्यापेक्षा कक्ष क्रमांक सांगितला तर मदत नेमक्या जागी पोचते.

पश्चिमेकडच्या इगतपुरीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पूर्वेकडचा येवला-नांदगाव पट्टा त्याच्या कितीतरी मागे. नवख्याला वाटतं की वणवे कोरड्या पूर्वेला जास्त असणार. पण जळायला आधी उगवावं लागतं. जिथे पाऊस जास्त तिथे गवत उंच आणि दाट, आणि चांगल्या पावसाळ्यानंतरचा उन्हाळा आगीच्या दृष्टीने जास्त काळजीचा. पूर्वेकडच्या माळांवर गवत विरळ असतं, शिवाय बरंचसं जनावरांनी चरलेलं.

गवत वाचायला शिका

दिवाळीनंतर दर पंधरवड्याला डोंगरावर एक फेरी करा. ठरलेल्या दहा जागी थांबा आणि प्रत्येक जागी किती गवत वाळलं, किती हिरवं, याचा डोळ्यांनी अंदाज घेऊन सरासरी लिहा. निम्मं गवत हिरवं असेल तोवर आग सहसा पुढे सरकत नाही, लागली तरी विझते. वाळलेला भाग तीन चतुर्थांशाच्या पुढे गेला की ती अखंड धावू शकते. नव्वदच्या पुढे गेल्यावर गवताकडून कसलाच अडथळा उरत नाही.

दुसरी नोंद जाडीची. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक गवत, पानं, काड्या हवेतल्या बदलाशी साधारण तासाभरात जुळवून घेतात. बोटाएवढ्या, म्हणजे ६ ते २५ मिलिमीटरच्या काटक्यांना दहा तासांच्या आसपास लागतात, आणि मनगटाएवढ्या फांद्यांना शंभर तास, म्हणजे चार दिवस. यातून आपल्या भागाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट निघते. मार्चमध्ये अवकाळीची सर येऊन गेली की लोक निर्धास्त होतात. जाड लाकूड त्या सरीने थोडं भिजलेलं असतं खरं, पण गवत दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पेटण्याजोगं असतं. चारदोन मिलिमीटरची सर गवताळ डोंगराला एका दिवसाची उसंत देते, त्याहून फार नाही. म्हणून 'शेवटच्या पावसाला किती दिवस झाले' हा आकडा वहीत ठेवा, पण गवतासाठी त्यावर फार विसंबू नका. साग, ऐनाच्या जंगलात मात्र तो कामाचा आहे. तिथे पाचोळ्याचा थर जाड असतो, खालची पानं सावकाश वाळतात आणि पडलेले ओंडके एकदा धरले की रात्रभर धुमसतात.

चाचणी अगदी साधी. दुपारी उभ्या गवताची काडी घ्या आणि वाकवा. वाकून राहिली तर अजून ओल आहे. काडकन मोडली तर समजा की फक्त ठिणगी पडायची बाकी आहे.

दमटपणा: आकडा नव्हे, वेळ

वाळलेलं गवत मेलेलं असलं तरी हवेतली ओल पीत-सोडत राहतं. पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड सादळतो तसं तेही रात्री सादळतं आणि दुपारी पुन्हा कुरकुरीत होतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर बारीक गवतातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या पंधराएक टक्क्यांवर स्थिरावतो, ५० टक्क्यांना नऊच्या आसपास, २० टक्क्यांना चार ते पाच. हिशेबाला सोपं म्हणून आर्द्रतेला पाचाने भागा, साधारण उत्तर मिळतं. थेट उन्हात तापलेल्या गवतात ओलावा याहूनही कमी असतो. पाच टक्क्यांच्या खाली गेलेलं गवत एका विडीच्या थोटकानेही धरू शकतं.

आता वेळेचं महत्त्व बघा. मार्चमधली एक सकाळ, तापमान १५ अंश, आर्द्रता ७० टक्के. हवेत वाफ तेवढीच राहिली, बाहेरून काही आलं-गेलं नाही, आणि दुपारी पारा ३३ वर गेला, तर आर्द्रता २४ टक्क्यांच्या आसपास येते. ऊन वाढलं की हवेची वाफ सामावण्याची ताकद वाढते, म्हणून टक्केवारी कोसळते. सकाळी आठचा आकडा बघून 'आज दमट आहे' म्हणणं त्यामुळे निरर्थक आहे. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यानचा नीचांक हवा.

तो मिळतो कुठून? हवामान विभागाची जिल्ह्याची कृषी हवामान सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. तिच्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, सकाळची आणि दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा असते. दुपारची आर्द्रता हीच आपल्या कामाची. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळांत आहेत, त्यांच्यावरही तापमान, आर्द्रता, पाऊस आणि वारा मोजला जातो. आणि नाशिककरांच्या हाताशी आणखी एक खजिना आहे: द्राक्षबागा. डावणी-भुरी या द्राक्षरोगांच्या धास्तीने दिंडोरी, निफाडचे अनेक बागायतदार आर्द्रतेवर बारीक नजर ठेवून असतात, काहींच्या बागेत स्वतःचं हवामान केंद्र असतं. तुमच्या डोंगराच्या पायथ्याला असा एखादा बागायतदार असेल तर त्याच्याशी ओळख करून घ्या. पण बागेतला आकडा तसाच डोंगरावर लावू नका. ठिबकाखालच्या वेलींमध्ये हवा ओलसर असते.

स्वतःचा डिजिटल आर्द्रतामापक घेतलात तर आधी तपासून घ्या. झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ थोड्या पाण्याने चिकटसर ओलं करून ठेवा, शेजारी मापक ठेवा, डबा घट्ट बंद करून आठ तास थांबा. आत आर्द्रता ७५ टक्के होते. मापक ७० दाखवत असेल तर तुमच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवा. डोंगरावर मोजताना तो सावलीत, हवेत मोकळा धरा. खडकावर ठेवू नका, मुठीत धरू नका.

रात्रीची एक बाब नवख्यांच्या ध्यानात येत नाही. सूर्यास्तानंतर थंड हवा उतारावरून घरंगळत दरीत साठते, आणि डोंगराचा मधला पट्टा दरीपेक्षाही उबदार आणि कोरडा राहतो. पायथ्याच्या गावात दव पडत असताना वर मध्यावर आग जिवंत राहू शकते. 'रात्री आपोआप विझेल' हे दरीसाठी बऱ्याचदा खरं, मधल्या पट्ट्यासाठी नाही.

वारा

इथे सर्वात जास्त वेळ घालवा.

वारा एकाच वेळी अनेक कामं करतो. तो आगीला प्राणवायू पुरवतो, ज्वाळा पुढच्या गवतावर वाकवून ते आधीच भाजून काढतो, निखारे उडवून जाळरेषेपलीकडे टाकतो, आणि गवताभोवतीची उरलीसुरली ओल पळवून नेतो. पूर्ण वाळलेल्या, दाट गवताच्या सपाट माळावर, वारा जोराचा असताना, आग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या हिश्शाने पुढे सरकते असा एक ठोकताळा आहे. वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर आग ताशी ६, म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याएवढी. हे सपाटीवर. चढावर दर १० अंशाला वेग साधारण दुप्पट होतो. २० अंशाच्या उतारावर चौपट, आणि सह्याद्रीत २० अंशाचा उतार काही मोठा मानत नाहीत. वणव्याच्या वरच्या अंगाला, विशेषतः कड्याच्या पायथ्याशी, कुणीही का उभं राहू नये ते या आकड्यांत आहे.

मोबाइलवरचा वारा मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो. गवताच्या उंचीवर तो कमी, धारेवर आणि खिंडीत जास्त. शिवाय हा अंदाज ज्या जागतिक संगणकी प्रारूपांतून येतो ती जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतात, आणि असा एक चौकोन ९ ते २५ किलोमीटर रुंद असतो, त्यात ब्रह्मगिरीसारखा डोंगर सपाट होऊन जातो. म्हणून अंदाजातला वारा घ्या, झोतांचा आकडा वेगळा दाखवत असतील तर तोच घ्या, आणि मग डोंगरावर जाऊन डोळ्यांनी ताळा करा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि कागद उडायला लागले, लहान फांद्या हलल्या तर २० ते २८. पानांनी भरलेली लहान झाडं डोलायला लागली तर २९ ते ३८. हे तीन टप्पे तोंडपाठ करा. मापकाविना हे पुरतं.

मग दिवसाचं वेळापत्रक समजून घ्या. सकाळी ऊन चढलं की उतार तापतो आणि वारा दरीतून वर वाहू लागतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेकडचा वारा जोर धरतो. पश्चिम उतारावर हे दोन्ही एकाच दिशेने, वरच्या अंगाला ढकलतात, आणि त्याच वेळी आर्द्रता नीचांकावर असते. पश्चिम उतार, दुपारी तीन ते सहा, वाळलेलं गवत: आपल्या भागातला धोका इथे एकवटतो, आणि माणूसबळ मोजकं असेल तर ते इथे आधी लावावं असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्व उतार त्या वेळी आडोशाला असतो, पण धार ओलांडून आलेला वारा तिथे भोवऱ्यासारखा फिरतो, आग कुठे वळेल सांगता येत नाही. घळी आणि नळ्यांमध्ये वारा चिंचोळा होऊन वेग घेतो. भर दुपारी माळावर वावटळी उठत असतील तर तेही लिहा. जुन्या निखाऱ्यावरून गेलेली वावटळ आग दुसरीकडे नेऊन टाकते.

वळिवाचा दिवस सगळ्यात फसवा. अंदाजात 'मेघगर्जनेसह पाऊस' दिसला की वहीत धोका कमी लिहावासा वाटतो. तसं करू नका. पाऊस प्रत्यक्ष तुमच्या डोंगरावर पडेपर्यंत तो दिवस धोक्याचाच धरा. वीस-तीस किलोमीटरवरच्या ढगातून खाली आपटलेली थंड हवा पाऊस येण्याआधी सोसाट्याने तुमच्यापर्यंत पोचते आणि वाऱ्याची दिशा काही मिनिटांत पालटते. आतापर्यंत शांतपणे बाजूला सरकणारी आगीची लांब कड अशा वेळी एकदम आगीचं तोंड बनते, आणि विझवणारी माणसं नेमकी त्या कडेला उभी असतात. दुपारी क्षितिजावर फुलकोबीसारखा ढग वाढताना दिसला की वर काम करणाऱ्यांना फोन करा, अंदाज बदलला नसला तरी.

आकडे एकत्र करणं

जगात यासाठी अनेक निर्देशांक आहेत. सुरुवातीला स्वीडनमधला आंगस्ट्रॉम निर्देशांक करून बघा, कारण तो बोटांवर निघतो. आर्द्रतेला २० ने भागा. २७ मधून तापमान वजा करा आणि १० ने भागा. दोन्हींची बेरीज करा. ४ च्या वर उत्तर आलं तर आग लागणं अवघड, २ च्या खाली आलं तर अगदी सोपं. वरच्या मार्चच्या उदाहरणात सकाळचं उत्तर ४.७ येतं आणि दुपारचं ०.६. एका दिवसातला चढउतार समजायला हे उत्तम. पण एप्रिलची दुपार घ्या, ३९ अंश, १५ टक्के: उत्तर उणे ०.४५. आणि आपल्याकडच्या बहुतेक उन्हाळी दुपारी २ च्या खूप खालीच असतात. थंड देशासाठी बनलेलं सूत्र नाशिकमध्ये रोज लाल दिवा लावतं आणि वारा तर विचारातच घेत नाही. शिकण्यासाठी वापरा, इशाऱ्यासाठी नको.

इशाऱ्यासाठी वेगळा गुणाकार करा. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 'उष्ण-कोरडा-वारा' असा निर्देशांक मांडला. त्याचं मूळ तत्त्व सोपं आहे: हवेची तहान गुणिले वारा. मूळ पद्धतीत जमिनीलगतच्या जाड थरातले सर्वाधिक आकडे घेतात, आपण जमिनीजवळचे घेऊ. हवेची तहान म्हणजे ती जास्तीत जास्त किती वाफ धरू शकते आणि प्रत्यक्षात किती धरून आहे, यातला फरक. हवा जास्तीत जास्त धरू शकेल त्या वाफेचा दाब, म्हणजे कमाल बाष्पदाब, ३० अंशांना सुमारे ४२ मिलिबार असतो, ३५ ला ५६, ३८ ला ६६, ४० ला ७४. एवढे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आर्द्रता १५ टक्के असेल तर ८५ टक्के जागा रिकामी, म्हणून ३८ अंशांना तहान ६६ च्या ८५ टक्के, म्हणजे ५६.

आता दोन दिवस शेजारी ठेवा. सोमवारी ३८ अंश, आर्द्रता १५ टक्के, वारा ताशी ८ किलोमीटर: ५६ गुणिले ८, साधारण ४५०. गुरुवारी ३५ अंश, आर्द्रता २० टक्के, वारा २६: तहान ४५, गुणाकार ११७०. गुरुवार तीन अंशांनी थंड आणि थोडा दमटही, तरी अडीच पटींहून जास्त धोक्याचा. घामाघूम झालेले लोक सोमवारी घाबरतात आणि गुरुवारी 'आज बरं वाटतंय' म्हणतात. तुमच्या वहीचा उपयोग या ठिकाणी आहे.

किती आकडा म्हणजे धोका, हे मी ठरवून देणार नाही. दुसऱ्याच्या डोंगराचा उंबरठा तुमच्या कामाचा नाही. एक पूर्ण हंगाम रोज दुपारचा गुणाकार लिहा, शेवटी चढत्या क्रमाने लावा. सर्वात वरचे दहा टक्के दिवस 'फार जास्त', त्याखालचे वीस टक्के 'जास्त'. पहिल्या हंगामात हाताशी काही नसेल तर गेल्या पंधरा दिवसांशी तुलना करा.

ताळा घ्यायला कॅनडाची 'फायर वेदर इंडेक्स' पद्धत बघा. ती तापमान, आर्द्रता, वारा आणि चोवीस तासांचा पाऊस यांवर चालते, आणि गवत-पानांसारख्या बारीक इंधनाबरोबर खालच्या थरांचा कोरडेपणाही मोजते. ग्लोबल वाइल्डफायर इन्फर्मेशन सिस्टिम या संकेतस्थळावर जगभराचा तिचा नकाशा फुकट दिसतो. ती कॅनडातल्या पाइनच्या जंगलावर बेतलेली आहे, म्हणून तिचे रंग जसेच्या तसे घेऊ नका. काल-परवापेक्षा आज चढली की उतरली, एवढं बघा.

ठिणगी कुठून येणार

हवामान फक्त सांगतं की पेटली तर कशी पसरेल. पेटवतो बहुधा माणूस. म्हणून वहीत हवामानाशेजारी गावाचं पंचांग ठेवा. होळी. मार्च-एप्रिलमध्ये पेठ, सुरगाण्याकडे मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात. पावसाळ्यापूर्वी इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा पट्ट्यात भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात. बांध पेटवणं, मध काढताना धूर करणं, जाळलं की नवं गवत जोमाने येतं या समजुतीने गायरानाला काडी लावणं. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी जाणारे भाविक वाटेत चुली मांडतात. शनिवार-रविवारी गडांवर मुक्कामाला येणारी मंडळी शेकोटी करतात. आणि वारा जोराचा असला की झोळ पडलेल्या तारा एकमेकींवर आपटून खाली ठिणग्या पाडतात, तेव्हा तारांखालचं गवत वेगळं तपासा.

राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला गुन्हेगार समजून बोलायला गेलात तर तुमचा अंदाज कुणी ऐकणार नाही. त्याला भाजणं गरजेचं आहे, आणि आपली आग डोंगरात जावी असं त्यालाही वाटत नसतं. 'दादा, बुधवारपर्यंत वारा पडलेला आहे, पहाटे भाजून दहाच्या आत निखारे पाण्याने मारा. गुरुवार-शुक्रवार नको' असं नेमकं सांगा. माझ्या मते अंदाजाचा सर्वात मोठा फायदा या एका वाक्यात आहे. आग विझवण्यापेक्षा ती चुकीच्या दिवशी लागू न देणं कितीतरी स्वस्त पडतं.

मात्र स्वतः जाळरेषा जाळायला जाऊ नका. ते वनविभागाचं काम. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

अंदाज लिहिणं आणि पोचवणं

अंदाज आदल्या संध्याकाळी सहापर्यंत लिहा, सकाळी दहाला एकदा तपासा. लांब निबंध नको. नमुना असा:

'गुरुवार, दुपारी २ ते ६.३०. अंजनेरी, पश्चिम आणि नैर्ऋत्य उतार. गवत ९० टक्के वाळलेलं. आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत खाली. वारा पश्चिमेचा, ताशी २६, झोत ३५ पर्यंत. आग लागल्यास धारेकडे वेगाने जाईल. धोका फार जास्त, कारण वारा. खात्री मध्यम: पूर्वेला वळिवाचे ढग झाल्यास दिशा पालटेल.'

जागा, वेळ, कारण आणि खात्री या चार गोष्टी प्रत्येक वेळी असायलाच हव्यात. खात्री लिहायला लाजू नका. वनरक्षकाला ती कळली तर तो माणसं कशी विभागायची ते ठरवू शकतो. संदेश बीटचे वनरक्षक, संयुक्त वन व्यवस्थापन समितीचे लोक, पायथ्याच्या गावातली दोनतीन जबाबदार माणसं आणि गडावर नेहमी जाणाऱ्या मंडळींपर्यंत जाऊ द्या. प्रत्यक्ष धूर दिसला तर गटावर फोटो टाकण्याआधी वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा, वस्तीला धोका असेल तर ११२ वर.

खरं-खोटं तपासणं

रोज रात्री दोन ओळी: काय म्हटलं होतं, काय झालं. 'फार जास्त' म्हटलं आणि आग लागली नाही, म्हणजे अंदाज चुकलाच असं नाही, त्या दिवशी कुणी काडी लावली नसेल. म्हणून फक्त आगी मोजू नका. जी लागली ती किती वेळात किती पसरली, किती माणसांना आवरली, हे वनरक्षकाकडून समजून घ्या. 'कमी' म्हटलेल्या दिवशी आग हाताबाहेर गेली असेल तर मात्र ते पान लाल करा आणि त्या दिवसाचा वारा पुन्हा तासातासाने बघा. बहुतेक चूक तिथेच सापडते.

उपग्रहाची मदत घ्या, पण तिची मर्यादा ओळखून. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे इशारे देते, आपल्या भागासाठी मोबाइलवर ते मिळवता येतात. नासाच्या फर्म्स संकेतस्थळावरही ठिपके दिसतात. मोडिस उपकरणाचा ठिपका एक किलोमीटरचा, व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. व्हिअर्स घेऊन फिरणारे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात. आपल्या डोंगरावर पाच वाजता पेटून नऊला विझलेला गवताचा वणवा त्यांना दिसतच नाही. म्हणून नकाशावर ठिपका नाही म्हणून आग नव्हती असं लिहू नका. उलट निफाडकडे उसाचं पाचट जाळलं किंवा वीटभट्टी पेटली तरी ठिपका येतो. शंका असेल तर सेंटिनेल-२ उपग्रहाची आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवा. दहा मीटरच्या बारकाव्याने काळा पडलेला भाग स्पष्ट दिसतो आणि त्याचं क्षेत्रफळही काढता येतं.

जूनमध्ये सलग दोनतीन चांगले पाऊस होऊन गवताला हिरवे कोंब फुटले की रोजची नोंद थांबवा. त्याच आठवड्यात सगळे दिवस गुणाकाराच्या क्रमाने मांडून तुमचा पहिला उंबरठा ठरवा, तो वनरक्षकाला दाखवा आणि कुठल्या दिवशी त्यांचा अनुभव तुमच्या आकड्याशी जुळला नाही ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या.